घड्याळजीचं गाणं

"कात्रीला खणखणीत, चटपटीत गाणं पाहिजे," प्राध्यापक तिसऱ्यांदा म्हणाले. "लोकांना खदखदून हसू आलं पाहिजे. मध्ये मध्ये कात्रीचा आवाज टाका. कच्, कच्, कच्." आणि त्यांनी हवेत दोन बोटं चालवून दाखवली. रेडिओ केंद्राचे साहेब पोट धरून हसले.

टिचकी हसली नाही. तिची बोटं टेबलावर सतत ताल धरायची, म्हणून लहानपणी कुणीतरी तिला टिचकी म्हटलं. आता चाळिशी उलटली, केंद्राचा अख्खा संगीत विभाग तिच्या हाताखाली आला, तरी नाव चिकटलं ते चिकटलंच. ती बोटं आत्ता थांबली होती. टिचकीला ओळखणाऱ्यांना ठाऊक होतं, की बोटं थांबली म्हणजे आता तोंड सुरू होणार.

"कात्री म्हणजे माझी मावशी आहे, सर," ती म्हणाली.

"अहो, म्हणूनच तर मजा!"

मजा! ऐका. ही मजा काय होती ते आधी नीट सांगायला हवं, नाहीतर टिचकीच्या तळपायाची आग मस्तकात का गेली ते कळायचं नाही.

त्या गावात नुसतं 'कादंबरी' म्हटलं की एकच कादंबरी. साठ वर्षांपूर्वी एक तरुण लेखक तिथे वर्षभर भाड्यानं राहिला, गावातली माणसं बघितली, आणि त्यांना उचलून पुस्तकात घातलं. पुस्तक असं गाजलं की विचारू नका. शाळेत धडा, कॉलेजात पेपर, चौकात लेखकाचा अर्धपुतळा. त्यात एक ध्येयवेडा डॉक्टर आहे, नदीकाठची एक अबोल मुलगी आहे, एक दारुडा मास्तर आहे. एक घड्याळजी आहे, देवमाणूस, खिडकीत चिमण्यांना दाणे घालणारा. आणि एक आहे शिंप्याची मुलगी, कात्री. तिची जीभ कात्रीसारखी चालते म्हणून कात्री. मत्सरी, चुगलखोर, भांडकुदळ. सातव्या प्रकरणात ही कात्री भर चौकात त्या गरीब घड्याळजीवर नाही नाही ते आरोप करते. तो बिचारा मान खाली घालून गाव सोडतो आणि परक्या मुलखात, धर्मशाळेच्या पायरीवर मरतो. ते प्रकरण वाचून न रडलेला माणूस त्या गावात सापडायचा नाही.

आणि ही कात्री खरी होती. म्हणजे टिचकीची मावशी. टिचकीची आई लवकर गेली, तिला वाढवलं या मावशीनंच. ऐंशीला टेकली तरी शिवणाचं दुकान चालवत होती, आणि साठ वर्षं अख्खं गाव तिला कात्री म्हणत होतं. पोरंटोरं म्हणत, भाजीवाला म्हणे. कपडे शिवायला येणारी माणसंसुद्धा आधी तिच्याकडे एकदा डोळे भरून बघून घेत, प्राणिसंग्रहालयात बघतात तशी. तिचं ठरत आलेलं लग्न मोडलं ते त्या पुस्तकापायी. मुलाकडच्यांनी सातवं प्रकरण वाचलं होतं.

आता कादंबरीला साठ वर्षं झाली म्हणून वाचनालयानं आणि रेडिओ केंद्रानं मिळून बेत आखला होता. नगर सभागृहात कार्यक्रम, रेडिओवरून थेट प्रक्षेपण. कादंबरीतल्या प्रत्येक पात्राला त्याच्या स्वभावाला शोभेल असं एकेक गाणं. प्राध्यापक पात्राविषयी बोलणार, मग गाणं लागणार. गाणी निवडायची, नसतील तर बांधायची, गाऊन घ्यायची, हे काम टिचकीचं. डॉक्टरला तिनं पावलं टाकत जाणारं गाणं दिलं होतं, मास्तरला झिंगत झिंगत चुकणाऱ्या तालाचं. सगळं छान चाललं होतं. गाडी अडली कात्रीपाशी.

"सर, साठ वर्षं हसला ना तिला? अजून पोट भरलं नाही?" टिचकी म्हणाली. "ऐंशी वर्षांची बाई आहे ती. तिच्या तोंडावर तुम्ही कच् कच् वाजवणार? लाज नाही वाटत?"

"भाषा सांभाळा," साहेब म्हणाले.

"भाषा मी सांभाळते, तुम्ही माणसं सांभाळा!"

प्राध्यापक वाईट माणूस नव्हते. कादंबरीवर त्यांनी दोन पुस्तकं लिहिली होती, तिच्यावर त्यांचं खरोखर प्रेम होतं. त्यांनी चष्मा पुसला. "मग तुमच्या मते कात्रीचं गाणं कुठलं?"

टिचकीनं ते केव्हाच बांधून ठेवलं होतं. तिची समजूत वेगळी होती. गावात दबक्या आवाजात बोललं जाई, की त्या लेखकाचा आणि मावशीचा काहीतरी धागा जुळला होता, तिनं नाही म्हटलं, आणि त्यानं पुस्तकात सूड उगवला. टिचकीला हे मनापासून पटलेलं. म्हणून तिनं मावशीसाठी एक विरहाचं गाणं केलं होतं, संथ, व्हायोलिनवरचं, ऐकणाऱ्याचा गळा दाटून यावा असं. तिनं ते लावलं. साहेबांनी नाक ओढलं. प्राध्यापक म्हणाले, "हं. वेगळा विचार आहे. चालेल. पण मग मावशींना समोर आणा. गाणं झालं की मंचावर येतील, लोक टाळ्या वाजवतील. घड्याळजींचा मुलगा तर येणारच आहे पुष्पगुच्छ घ्यायला."

टिचकीला वाटलं, आपण जिंकलो. ती जिना उतरताना कठड्यावर ताल धरत उतरली.

दुकानात मावशी कापायच्या टेबलाशी उभी होती. गळ्यात टेप, ओठांत टाचण्या, समोर कुणाच्या तरी कोटाचं अस्तर पसरलेलं. टाचण्या तोंडात धरून बोलायची तिला सवय होती आणि टिचकीला ते ऐकायची.

"मावशी, हातातलं ठेव. तुझं गाणं ऐकवते."

"माझं गाणं? मी कुठली राणी लागून गेले?"

टिचकीनं फोन टेबलावर ठेवला, गाणं लावलं आणि मावशीच्या चेहऱ्याकडे आशेनं बघत राहिली. डोळ्यांत पाणी येईल, निदान हात तरी थांबेल. मावशीनं अस्तरावर खडूची रेघ मारली. दुसरी मारली. तिसऱ्या रेघेला तिचे खांदे हलायला लागले. टिचकीला वाटलं, रडतेय. छे! हसत होती. टाचण्या तोंडातून काढून टाचणीच्या गादीत खोचल्या आणि मग मोकळेपणानं हसली.

"अगं, ही कोण रडूबाई? कुणाचं मेलंय?"

"तुझं आहे ते! तुझं आणि त्या लेखकाचं..."

"शी!" मावशी म्हणाली. "त्या टोणग्याचं? त्यानं एक पँट शिवून नेली, ती पण लांडी झाली म्हणून परत आणली. माझं नाव तरी माहीत होतं का त्याला? टिचके, तू पण ना! त्यानं मला चेटकीण केलं, आणि तू मला त्याच्यासाठी झुरायला लावलंस. चेटकीण परवडली."

टिचकीचं तोंड एवढंसं झालं. "मला वाटलं, तुला न्याय मिळेल."

"राहू दे. जे लावायचं ते लाव. मांजरांचं भांडण लावलंस तरी चालेल. बाकीची ऐकव बघू."

मग टिचकीनं डॉक्टरचं गाणं ऐकवलं, मास्तरचं ऐकवलं. मास्तरच्या गाण्यावर मावशीनं मान डोलावली, "हा बरा जमलाय, अगदी असाच चालायचा," म्हणाली. आणि शेवटी टिचकीनं तिचं सगळ्यात आवडतं लावलं. आयुष्यात इतकी सुंदर चाल तिला सुचली नव्हती. अंगाई होती ती. दमलेल्या पाखरांना कुणीतरी हळू आवाजात निजवतंय अशी. घड्याळजीचं गाणं.

मावशी ऐकत होती. मग तिनं विचारलं, "हे कुणाचं?"

"घड्याळजीचं."

"बंद कर."

"अगं पुढे बासरी आहे..."

"बंद कर म्हणते ना!"

टिचकीनं बंद केलं. मावशीच्या हातातला खडू मोडला होता. ती स्टुलावर बसली, आणि मावशी कामाच्या वेळेला बसत नसे.

"आमच्याकडे एक पोर यायची काजं करायला," ती म्हणाली. "हडकुळी होती, शाळा सोडलेली. बोटं अशी चालायची की बघत राहावं. बाबांनी तिला घड्याळजीकडे पाठवलं, त्याचा कोट शिवून झाला होता, तो पोचवायला. समोरच तर दुकान. गेली ती तासाभरानं आली. आली ती बोलेचना. सुईत दोरा ओवता येईना तिला, टिचके. मी आतल्या खोलीत नेऊन विचारलं. त्यानं तिला आत बोलावलं होतं, चिमण्या दाखवतो म्हणून. आणि दार आतून लावलं होतं."

टिचकीनं फोन उलटा करून ठेवला.

"मी गेले. कात्री हातातच होती, काही मुद्दाम घेतली नव्हती. चौकात उभं राहून ओरडले. म्हटलं, पुन्हा कुणाच्या पोरीला आत घेऊन दार लावलंस, तर हे दुकान उचलून तुझ्या डोक्यात घालीन. दहा माणसं जमली, पन्नास जमली. तो बाहेर आला आणि रडायला लागला. हमसून हमसून. झालं! तो रडतोय, मी कात्री घेऊन ओरडतेय. लोकांनी कुणाचं खरं धरायचं? आणि वर, त्याच्याच माडीवर, हा तुझा लेखक खिडकीत उभा. दात घासत होता. त्यानं तेवढंच बघितलं. भाडेकरू घरमालकाचं लिहिणार नाही तर काय माझं?"

"आणि ती मुलगी?"

"आठवडाभरात तिच्या बापानं तिला कुठे लांब नातेवाइकांकडे धाडली. कुठे, ते मला कळूसुद्धा दिलं नाही. जाईपर्यंत डोळ्याला डोळा लागला नाही तिचा. पुस्तकात काय लिहिलंय, घड्याळजी गाव सोडून गेला? अगं, तो इथेच होता! म्हातारा होऊन आपल्या गादीवर मेला. गाव सुटलं त्या पोरीचं. तिचं पुस्तकात नावसुद्धा नाही. एक ओळ नाही. आणि तू त्याला अंगाई करतेस?"

आता टिचकीचा संताप कुठे जाणार? आधी स्वतःवरच गेला. आपण बांधलेली सगळ्यात गोड चाल, आणि ती त्या माणसाला! घड्याळजीच्या मुलानं परवा ध्वनिमुद्रण ऐकून तिचे दोन्ही हात हातात घेतले होते, "बाबा अगदी असेच होते हो," म्हणून. ती पाणावल्या डोळ्यांनी हसली होती. तिला ते हात धुवावेसे वाटले.

"तू कधी सांगितलं का नाहीस?" ती जवळजवळ ओरडलीच.

"सांगितलं नाही?" मावशी ताडकन उठली. "पुस्तक आलं तेव्हा दारोदार सांगितलं. वाचनालयात सांगितलं, शाळेत जाऊन सांगितलं. माहितीय काय म्हणाले? 'बघा, पुस्तकात लिहिलंय अगदी तश्शीच बोलते.' जितकी जास्त बोलेन तितकी जास्त कात्री! मग थांबले. आणि तुला काय सांगू? शाळेत असताना तू त्या घड्याळजीसाठी रडली होतीस, नाक लाल होईपर्यंत. मीच तुला दूध गरम करून दिलं होतं."

दुसऱ्या दिवशी टिचकी साहेबांच्या खोलीत दार न वाजवता शिरली. प्राध्यापक तिथेच होते, समोर कार्यक्रमाचं निवेदन पसरून बसले होते. तिनं उभ्या उभ्या सगळं सांगितलं. आवाज चढला, मध्येच फाटला, पण काही गाळलं नाही.

"घड्याळजीचं गाणं काढा," ती म्हणाली. "आणि तो पुष्पगुच्छ पण."

साहेबांनी प्राध्यापकांकडे बघितलं. प्राध्यापकांनी चष्मा काढला.

"पुरावा आहे?" त्यांनी विचारलं.

"मावशी आहे."

"मावशी पक्षकार आहेत. कादंबरीत त्यांचं जे चित्र आलंय त्याचा त्यांना राग असणं स्वाभाविक आहे. साठ वर्षांनी, तो माणूस हयात नसताना... शिवाय, बाई, हे साहित्य आहे. घड्याळजी हे कल्पित पात्र आहे."

"अस्सं! मग त्याच्या मुलाला फुलं कशाबद्दल देताय? बाप कल्पित म्हणून?"

साहेबांना खोकला आला.

"आणि कात्री?" टिचकी काही थांबणार नव्हती. "ती पण कल्पितच ना? मग माझ्या मावशीला मंचावर कशाला नाचवत होता? मावशी तेवढी खरी, आणि घड्याळजी कल्पित! चांगलं असलं की त्याच्या खात्यावर, वाईट असलं की तिच्या!"

"कात्रीचं वेगळं आहे."

"काय वेगळं आहे?"

प्राध्यापकांनी समोरचे कागद सारखे केले. पण गप्प बसतील तर ते प्राध्यापक कसले? "तुम्ही भावनेच्या भरात आहात," ते म्हणाले. "हे पात्र म्हणजे आपल्या वाङ्मयातला करुणेचा मानबिंदू आहे. आमच्या घरी आई हे प्रकरण मोठ्यानं वाचून दाखवायची, आम्ही सगळी भावंडं रडायचो. तुमच्या एका गाऱ्हाण्यासाठी मी त्याला चिखल लावू?"

"चिखल मी लावत नाहीये, सर. तो आहेच. तुम्ही त्याच्यावर माझं गाणं पांघरताय."

साहेब आता बोलले. कार्यक्रम थेट जाणार आहे, खर्च घड्याळजीच्या मुलानं उचललाय, पत्रिका वाटून झाल्यात. मावशींना त्रास नको, त्यांना मंचावर बोलावणार नाही, प्रश्न मिटला. आणि टिचकीला ते गाणं लावायचं नसेल तर तिच्या जागी दुसरं कुणी बसेल.

प्रश्न मिटला म्हणे! असे प्रश्न मिटवणारे लोक असतात म्हणून तर साठ साठ वर्षं प्रश्न तसेच राहतात. टिचकीच्या अगदी ओठांवर आलं, की बसवा दुसऱ्याला. पण तिनं गिळलं.

"मीच बसते," ती म्हणाली.

मावशीला तिनं फोनवर एवढंच सांगितलं, की काही ऐकत नाहीत, तू येऊ नकोस.

"का? सभागृह त्यांच्या बापाचं आहे?" मावशी म्हणाली आणि फोन ठेवला.

कार्यक्रमाच्या संध्याकाळी सभागृह खचाखच भरलं होतं. बाल्कनीतसुद्धा माणसं उभी. पहिल्या रांगेत घड्याळजीचा मुलगा, केस पांढरे झालेला, नव्या कोटात, मांडीवर हात ठेवून बसलेला. त्याचं यात काय होतं म्हणा. त्यानं बापाला पुस्तकात वाचलं होतं, आणि पुस्तकातला बाप कुणाला नको असतो? मावशी मधल्या वाटेच्या कडेला बसली होती, स्वतः शिवलेल्या करड्या कपड्यांत, ताठ. आजूबाजूची माणसं एकमेकांना कोपरखळ्या मारून तिला दाखवत होती.

टिचकी सभागृहाच्या मागच्या बाजूला, काचेच्या खोलीत बसली होती. कानाला हेडफोन, समोर मिक्सर. एका पट्टीवर प्राध्यापकांचा माइक, एकीवर गाणी, आणि शेवटच्या पट्टीवर छताला टांगलेले दोन माइक. ते प्रेक्षकांचे. टाळ्या वाजल्या की ती पट्टी वर करायची, म्हणजे घरी रेडिओ ऐकणाऱ्यांना टाळ्या ऐकू जातात. साहेब केंद्रात बसून प्रक्षेपणावर लक्ष ठेवून होते, आणि त्यांचा आवाज टिचकीच्या कानात येत होता.

डॉक्टरचं गाणं झालं. नदीकाठच्या मुलीचं झालं. मास्तरच्या गाण्यावर लोकांनी ठेका धरला. कात्रीचं आलं, तेव्हा प्राध्यापक दोनच वाक्यं बोलले आणि विरहाचं गाणं वाजलं. लोकांना काय करावं कळेना, कुणी हसलं, कुणी चुकचुकलं. मावशीनं जांभई दिली.

"आणि आता," प्राध्यापक म्हणाले, त्यांचा आवाज खरंच कापत होता, "आपल्या सगळ्यांच्या काळजातला माणूस. ज्याच्या वाट्याला एका स्त्रीच्या जिभेमुळे वनवास आला, तो घड्याळजी. त्याच्यासाठी एक अंगाई."

त्यांनी काचेच्या खोलीकडे हात केला. घड्याळजीचा मुलगा कोट सावरत उठून उभा राहिला.

टिचकीनं बटण दाबलं नाही.

रेडिओवाल्यांना एक गोष्ट पहिल्या दिवशी शिकवतात. चुकीचं गाणं लागलं तरी चालेल, शिंक गेली तरी चालेल, पण हवेत शांतता जाता कामा नये. घरोघरी माणसं उठून रेडिओला चापट्या मारायला लागतात. टिचकीच्या हातून इतक्या वर्षांत असं एकदाही घडलं नव्हतं. आता तिनं हात मांडीवर ठेवले होते आणि शांतता जात होती.

"वाजव," कानात साहेब म्हणाले. मग ओरडले, "वाजव ना! काय झालंय?"

मंचावर प्राध्यापक पुन्हा हात करत होते. "काहीतरी तांत्रिक अडचण..." ते म्हणाले. टिचकीनं त्यांच्या माइकची पट्टी खाली ओढली. त्यांचे ओठ नुसतेच हलत राहिले.

आणि मावशी उठली.

तिला माइक लागत नव्हता. तो आवाज अख्ख्या चौकाला पुरला होता. टिचकीनं शेवटची पट्टी वर केली, टाळ्यांची, पार टोकापर्यंत.

"अडचण काही नाही," मावशी म्हणाली. "त्याच्यासाठी गाणं नाहीये, एवढंच. मी कात्री. साठ वर्षं तुम्ही मला ओळखता. आज एकदाच ऐका, मग घरी जाऊन हवं तितकं हसा. आमच्या दुकानात काजं करणारी एक पोर होती. तिला त्या घड्याळजीनं चिमण्या दाखवतो म्हणून आत नेलं आणि दार लावलं. मी ओरडले ते त्यासाठी. आजही ओरडले असते. तो कुठेही गेला नाही. गेली ती पोर. तिला कुणी गाणं केलं नाही."

सभागृहात चुळबुळ सुरू झाली. "बसा हो खाली!" मागून कुणीतरी ओरडलं. "म्हातारी पुस्तकात आहे तश्शीच आहे!" दुसरं कुणी म्हणालं, आणि काही लोक हसले. खरंच हसले. टिचकीनं काचेवर मूठ आपटली. घड्याळजीचा मुलगा उभाच होता, बसावं की जावं त्याला कळत नव्हतं. मावशी एकटी उभी होती आणि पुन्हा तेच होत होतं, अगदी तेच. टिचकीला वाटलं, मीच हिला पुन्हा चौकात उभं केलं.

तेवढ्यात तिसऱ्या रांगेतली एक बाई उठली. सत्तरीची असेल, नीटनेटकी, हातात पर्स घट्ट धरलेली. प्राध्यापकांची मोठी बहीण. भावाचा कार्यक्रम म्हणून आली होती, पाहुण्यांच्या जागेवर बसली होती.

मंचावरून प्राध्यापकांनी तिला हातानं खूण केली. माइक बंद होता, तरी पहिल्या रांगांना ऐकू आलं. "ताई, तू बस. तू यात पडू नकोस."

"बसते," ती म्हणाली. "बोलून झालं की बसते."

तिचा आवाज मावशीसारखा नव्हता. बारीक होता. सभागृह गप्प झालं ते त्यामुळेच असावं, ऐकायला लोकांना पुढे वाकावं लागत होतं. छतावरचे माइक मात्र सगळं घेत होते.

"मी आईचं घड्याळ दुरुस्तीला घेऊन गेले होते," ती म्हणाली. "पुस्तक आलं त्याच्या पुढच्या वर्षी. मलाही त्यानं चिमण्याच दाखवल्या."

साहेब टिचकीच्या कानात किंचाळत होते, बंद कर, तो माइक आधी बंद कर. तिनं हेडफोन काढून टेबलावर ठेवले.

प्राध्यापक मंचावर तसेच उभे होते, हातात निवेदनाचे कागद. बहीण आता त्यांच्याकडेच बघून बोलत होती, जसं काही सभागृहात दुसरं कुणी नव्हतंच.

"घरी येऊन मी आईला सांगितलं रे. तू झोळीत होतास. तिच्या मांडीवर तेच पुस्तक होतं, नुकतीच रडून उठली होती. तिनं माझ्या तोंडावर हात ठेवला आणि म्हणाली, 'कात्रीसारखं बोलू नकोस.'"